सहीची चौकट

त्या रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ऑफिसात एक परिपत्रक आलं. ज्या इंजिनिअरांकडे परवाना नाही त्यांनी पुढच्या महिन्यापासून ड्रॉइंगवर सही करायची नाही, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांकडे परवाना नव्हता.

साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं. चष्मा कपाळावर ढकलला, हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि मला विचारलं, "मास्तर, आजपासून का पुढच्या महिन्यापासून?"

पुढच्या महिन्यापासून, असं मी सांगितलं.

"मग आजचं आज करून टाकू," असं म्हणून त्यांनी टोपण काढलं आणि टेबलावर सहीसाठी पडलेली ड्रॉइंगं पुढे ओढली. सही करण्याआधी प्रत्येक ड्रॉइंग पुन्हा पहिल्यापासून तपासलं. त्यात तो दिवस गेला आणि दुसराही गेला.

मी बहरीनमध्ये, मनामातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंगांची नोंद ठेवायचं काम करतो. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणारा कोण, तपासणारा कोण, मंजूर करणारा कोण, हे तिथे लिहितात. चौकट पुरी भरली आहे ना एवढं मला पाहायचं असतं. चौकटीबाहेर जे काढलेलं असतं त्यातलं मला काही कळत नाही. माझं शिक्षण मराठी साहित्याचं. टेबलाच्या खणात एखादं पुस्तक असतं म्हणून साहेब मला मास्तर म्हणायचे. बहरीनमधल्या इंजिनिअरिंग कंपनीत मराठी साहित्याचं काय काम, हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. ज्या दिवशी विचारला असता त्या दिवशी मला उत्तर सुचलं नसतं, हे त्यांना माहीत असावं.

साहेब कराडकडचे. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने रुंद, चालताना जमिनीकडे पाहणारे. वीसेक वर्षं याच कंपनीत बिल्डिंगांचे पाये, खांब, तुळया यांचं गणित करत होते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. गणित संपलं, आकडा आला, की ते पेन्सिलीने त्या आकड्याखाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, "थोडं जास्त धरू."

हे वाक्य फक्त लोखंडापुरतं नव्हतं. दुपारचं विमान असलं की ते सकाळीच विमानतळावर जाऊन बसायचे. चार माणसं जेवायला बोलावली की वहिनींना सात जणांचा भात टाकायला लावायचे. गावाकडे त्यांनी स्वतः गणित करून घर बांधलं. तळमजला आणि वर एक मजला, एवढंच. पण खांब असे की गवंड्याने विचारलं, "साहेब, ह्याच्यावर पुढं धरण बांधायचंय का?" साहेब हा किस्सा स्वतःच सांगायचे आणि शेवटी गंभीरपणे जोडायचे की धरणाचं गणित वेगळं असतं.

ऑफिसातल्या मरियमने त्यांना नाव ठेवलं होतं, बू कव्हर. बहरीनमध्ये माणसाला त्याच्या मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अमक्याचा बाप, बू अमुक. साहेबांचं अपत्य म्हणजे कव्हर, असं तिचं म्हणणं. कव्हर म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागापासून आतल्या सळीपर्यंतची जाडी. ती कमी पडली की इथल्या खारट पाण्याने सळी गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. साहेब साइटवर गेले की पहिल्यांदा टेप लावून कव्हर मोजायचे, नंतर सलाम-नमस्कार. कंत्राटदाराच्या माणसाने चहा पुढे केला तर एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात टेप. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. तो आला की लोक उगाचच आपापली कामं नीट करायला लागतात आणि तो गेला की त्याची नक्कल करतात.

तर परवाना. आमच्या कंपनीला नवे भागीदार मिळाले होते आणि त्यांना सहीसाठी परदेशातल्या एका मंडळाचा परवाना हवा होता. तो परीक्षा देऊन मिळतो. सगळी परीक्षा संगणकावर. एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. आमच्या मॅनेजरने साहेबांना केबिनमध्ये बोलावून अगदी मायेने सांगितलं की तुमच्या अनुभवाबद्दल कुणालाच शंका नाही, पण साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी संपतंय, आणि त्याआधी परवाना आला तर नव्या कॉन्ट्रॅक्टचं सोपं जाईल. नाही आला तर काय, हे ते बोलले नाहीत. ते इथे कुणी बोलत नाही. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की माणूस जातो, हे सगळ्यांना पाठ आहे.

केबिनमधून बाहेर आल्यावर साहेब माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "घरी जायची भीती नाही मास्तर. घर चांगलं भक्कम आहे. पण नापास होऊन जायचं? सही गेली की मी नुसता मत देणारा माणूस. मतं काय, गावात पारावर पण देतात."

तोवर साहेबांच्या ड्रॉइंगवर सही करायचं काम मरियमकडे आलं. मरियम बहरीनी. परदेशात शिकून आली, तिकडेच ती परीक्षा पास झाली, आणि इथे रुजू झाल्यावर पहिली दोन वर्षं साहेबांच्या हाताखाली होती. ती त्यांना उस्ताद म्हणे. आता उस्तादांनी काढायचं आणि शिष्येने मंजूर करायचं. सगळ्यांना वाटलं, ती डोळे मिटून सही करील. पहिलंच ड्रॉइंग तिने तीन दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी साहेब तिच्याकडे गेले आणि म्हणाले, कंत्राटदार खोळंबलाय, यल्ला, आटप लवकर. मरियम मान वर न करता म्हणाली, "न तपासता सही करणाऱ्याचा हात तोडावा, असं मला पहिल्या महिन्यात कोण म्हणालं होतं?"

साहेब परत आले. खुर्चीत बसून टेपची पट्टी आतबाहेर करत राहिले. मला वाटलं, लागलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी चांगली तयार झालीय."

अभ्यासाची तयारी साहेबांनी त्यांच्या रीतीने केली. परीक्षेत ठरावीक जातीचाच कॅल्क्युलेटर चालतो, म्हणून एका शनिवारी आम्ही बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारातल्या गल्ल्यांत हिंडलो. दुकानदाराने एक काढून दिला. साहेबांनी दोन घेतले आणि दोन्हींच्याही जादा बॅटऱ्या घेतल्या. दुकानदाराने हिंदीत विचारलं, दुकान टाकताय का? मग पुस्तकं आली, जाडजूड. ती आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बांधकामाच्या नियमांची, कोडची पुस्तकं सोडली तर आपण कॉलेज सुटल्यापासून पुस्तक असं वाचलेलंच नाही.

"मास्तर, तुम्ही वाचणारे," ते मला म्हणाले. "वाचतात कसं ते सांगा."

थट्टा वाटली म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यात मोजमापांची भानगड. गावाकडच्या गवंड्याशी ते फूट आणि ब्रासमध्ये बोलत, ऑफिसात मीटर आणि न्यूटनमध्ये विचार करत, आणि परीक्षेत सगळं फूट आणि पाउंडात. मी म्हटलं, फूट तरी तुमच्या ओळखीचा आहे. "गवंड्याचा फूट ओळखीचा," ते म्हणाले. "त्यात जरा इकडंतिकडं चालतं. हा परीक्षेतला फूट फार करडा दिसतोय."

सनद नावाच्या उपनगरात त्यांचा फ्लॅट होता. शुक्रवारी ते मला जेवायला बोलावत आणि जेवण झालं की अभ्यासाला बसत. वहिनी भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असं सगळं रांधायच्या; अभ्यासाला ताकद लागते, असं म्हणून साहेबांच्या ताटात तूप वाढायच्या. पण साहेब हात धुवायला उठले की त्यांचा आवाज बदले. "भावजी, खरं सांगा, पास होतील का हो हे?" मी म्हणायचो, होतील की. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटत नसे. एकदा त्यांनी सांगून टाकलं. "पास झाले तर अजून पाच वर्षं इथंच. नापास झाले तर घरी जाऊ, पण ह्यांचं तोंड बघवणार नाही मला." गावाकडचं ते भक्कम घर बांधून झाल्यापासून कुलपात होतं. वर्षातून एक महिना वहिनी ते उघडायच्या, झाडायच्या, आणि पुन्हा कुलूप लावून विमानात बसायच्या.

मुलगी कॅनडात शिकत होती. ती फोनवर बापाचं सगळं मराठी ऐकून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. साहेबांनी तिला परीक्षेतल्या अडचणी सविस्तर सांगितल्या. ती म्हणाली, "बाबा, जस्ट गेस." साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. अंदाजाने उत्तर दे, हा सल्ला त्यांना पोटच्या पोरीकडून ऐकावा लागला होता.

पहिल्या परीक्षेला ते वहिनींना घेऊन गेले. केंद्र उघडायच्या आत दोघं दारात. आत शिरताना खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, घड्याळ काढायचं, चष्मा काढून उजेडात धरायचा. मनगटातलं तांब्याचं कडं निघेना. केंद्रावरच्या फिलिपिनो बाईंनी साबणाचं पाणी आणून ते काढलं. बाहेर आल्यावर मी फोन करून विचारलं, पेपर कसा होता. ते म्हणाले, खुर्चीला पाठीचा आधार नीट नव्हता.

पेपरचं काय झालं ते हळूहळू कळलं. एका प्रश्नात एक धरभिंत होती, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत. प्रश्नात मागची माती कोरडी आहे असं दिलेलं. साहेबांना ते पटेना. या बेटावर त्यांनी कोरडी माती फक्त रिपोर्टात पाहिली होती. प्रत्यक्षात हातभर खणलं की खाली पाणी. त्यांनी गणित केलं, चारही उत्तरं पाहिली आणि त्यांच्या मते पाणी आलं तर चारही भिंती पडत होत्या. तिथे प्रश्नाविषयी अभिप्राय लिहायची सोय होती. साहेबांनी घड्याळ चालू असताना त्या मंडळाला इंग्रजीत सविस्तर अभिप्राय लिहिला. पाण्याचा निचरा कसा करावा, भोकं किती अंतरावर ठेवावीत, पाया किती वाढवावा. खाली आपलं नाव घातलं. मग घड्याळ पाहिलं तर पुढचे कितीतरी प्रश्न न उघडताच राहिले होते.

मी म्हटलं, "साहेब, ती भिंत कुठेच नाही. ती नुसती प्रश्नातली आहे."

"आज नाही," साहेब म्हणाले. "पण हे वाचून पास झालेला कुणीतरी उद्या बांधील की."

निकाल ईमेलवर आला. आपल्याकडे लोक नापास झाले की तोंड लपवतात. साहेब उठले आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन, पेढे वाटावेत तसं, "नापास झालो बरं का," असं सांगून आले. मॅनेजरच्या केबिनमध्येही गेले. मरियमकडे सगळ्यात शेवटी गेले. तिने त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि म्हणाली की तुमचे सरावाचे सगळे पेपर उद्या माझ्याकडे आणा.

पेपर तिने घरी नेले. दोन दिवसांनी त्या दोघांची जी बैठक झाली तिला मी हजर होतो, कारण आमची टेबलं शेजारी होती आणि मी ऐकत नसल्याचं सोंग मला चांगलं येतं.

"उस्ताद," मरियम म्हणाली, "तुमच्या चुका सगळ्या एकाच दिशेच्या आहेत."

साहेबांना कळेना. तिने दाखवलं. एका तुळईत लोखंड किती लागेल, असा प्रश्न. साहेबांनी बाजूला केलेलं गणित अचूक. गणिताचं उत्तर ब. खूण मात्र क वर, म्हणजे त्याच्या पुढच्या मोठ्या आकड्यावर. दुसरा प्रश्न, पायाची रुंदी. गणित ब, खूण क. तिसऱ्यात गणित क, खूण ड. पानामागून पान तसंच. ज्या प्रश्नांत गणितच ड आलं होतं तेवढे त्यांचे बरोबर होते, कारण ड च्या पुढे काही नव्हतं.

साहेब पेपर उलटसुलट करून पाहत राहिले. हे आपण केलं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हात आपोआप एक घर पुढे जात होता.

"ब धरलं तर तुळई उभी राहील," शेवटी ते म्हणाले. "पण क धरलं तर मला झोप लागते."

"परीक्षेत तुम्ही झोपावं अशी कुणाची अपेक्षा नाही, उस्ताद."

त्यानंतर तिने त्यांना कामाला लावलं. रोज दुपारच्या सुट्टीत तिने पेपर द्यायचा, साहेबांनी सोडवायचा, आणि गणिताच्या उत्तरापासून हात जरा जरी पुढे सरकला तर तिने टेबलावर पेन्सिल आपटायची. साहेब दचकायचे. ऑफिसात हा करमणुकीचा कार्यक्रम झाला. बाकीचे इंजिनिअर चहाचे कप घेऊन उभे राहत आणि पेन्सिल आपटली की एकमेकांकडे पाहत. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ज्या सवयीवर त्यांनी जन्मभर बिल्डिंगा उभ्या केल्या होत्या, ती सवय हातातून काढायची होती, आणि कडं निघालं तशी ती साबणाने निघण्यासारखी नव्हती.

माझ्या वाट्याला वाचन आलं. शुक्रवारी सनदला मी प्रश्न मोठ्याने वाचायचो आणि साहेबांनी ऐकून सोडवायचे. कारण स्वतः वाचताना ते थांबायचे आणि भांडायचे. ही जागा कुठली? मातीची चाचणी कुणी केली? वर पुढे आणखी मजला चढवणार नाहीत कशावरून? एकदा मी वैतागलो आणि म्हटलं, साहेब, ही कथा आहे असं समजा. कथेत लिहिणाऱ्याने माती कोरडी म्हटली की ती कोरडी. तो आपल्याला खणून पाहू देत नाही. तो सांगतो तेवढंच जग, आणि ते कथा संपेपर्यंत खरं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "असं आहे होय ते? मग तुम्ही लोक वाचता तेव्हा सगळं मान्य करून टाकता?"

संपेपर्यंत, मी म्हटलं.

"आणि संपल्यावर?"

संपल्यावर आपापल्या घरी, असं मी सांगितलं. त्यांना ते फार पटलं. पुढच्या शुक्रवारपासून ते प्रश्नाला प्रश्न म्हणेनासे झाले. "मास्तर, आज कथा किती आणल्यात?" असं विचारायचे. एखादा पूल वाचून झाला की म्हणायचे, "छान आहे कथा. खोटी आहे, पण छान आहे." मग ब वर खूण करायचे आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. मला वाटे, मी त्यांना काहीतरी चुकीचं शिकवतोय. वहिनी स्वयंपाकघरातून हे ऐकायच्या आणि भांडी जरा जोराने घासायच्या.

दुसऱ्या परीक्षेला ते एकटे गेले. कडं घरीच काढून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर कुणालाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी विचारलं तर म्हणाले, खुर्ची तीच होती.

निकालाचा ईमेल कधी आला ते आम्हाला कळलं नाही. नापास झाल्यावर टेबलाटेबलाशी जाणारे साहेब आठवडाभर नेहमीसारखे काम करत होते. एका दुपारी ते माझ्याजवळ आले. हातात कोरी शीट होती.

"मास्तर, परवाना क्रमांक चौकटीत कुठं लिहायचा असतो?"

मी बोट ठेवून दाखवलं. मंजूर करणाऱ्याच्या नावाखाली, सहीच्या वर. त्यांनी नीट पाहून घेतलं. "एवढ्याशा जागेत बसतो होय," म्हणाले आणि शीट तिथेच ठेवून गेले. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिलो. तुम्ही म्हणाल, उठून हात तरी मिळवायचा. मला ते सुचलं नाही. मरियमला मात्र सांगितलं. ती उठून त्यांच्याकडे गेली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलावर एकदा पेन्सिल आपटली. साहेब दचकले आणि मग हसले.

मॅनेजरने केक आणला. कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षांनी वाढलं. वहिनींनी शिरा करून ऑफिसात पाठवला. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "झाले बाई एकदाचे पास." त्या दिवशी त्यांच्या आवाजात काय होतं ते मी फार खोदून पाहिलं नाही.

परवान्यानंतरचं पहिलं काम आलं ते रिफा शहरातल्या एका कॉलनीचं पंपघर. एक खोली, दोन पंप, वर स्लॅब. एवढ्या वर्षांत साहेबांनी ज्यांच्यावर सह्या केल्या त्या बिल्डिंगांच्या मानाने ते म्हणजे काहीच नाही. नवशिक्याला देतात असलं काम. साहेबांनी स्वतः गणित केलं, ड्रॉइंग करून घेतलं, आणि सही न करता मरियमकडे नेऊन ठेवलं.

"आता माझी गरज नाही, उस्ताद," ती म्हणाली. "तुमच्याकडे परवाना आहे."

"म्हणून तर," साहेब म्हणाले. "सहा महिने ब वर खुणा केल्यात मी. ह्यात कुठं कथा शिरली असेल तर तुलाच दिसेल."

तिने ते दोन दिवस तपासलं. एक माप लिहायचं राहिलं होतं, तेवढं सापडलं. लोखंडाबद्दल मी तिला विचारलं. ती म्हणाली, गणित ब, लोखंड क. उस्ताद घरी परत आले, असंही तीच म्हणाली. तपासणाऱ्याच्या जागी तिने आपलं नाव घातलं. मग साहेबांनी परवाना क्रमांक लिहिला, टोपण काढलं आणि सही केली. ड्रॉइंग मी नोंदवून घेतलं.

त्यानंतर महिना गेला असेल. सकाळी ऑफिसला यायला साहेब सनदच्या घरातून खाली उतरले, गाडीत बसले, गाडी सुरू केली. गाडी जागची हलली नाही. शेजारच्या माणसाला ती आडवी येत होती म्हणून तो सांगायला गेला, तर साहेबांची मान स्टिअरिंगवर पडलेली. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

माणूस इथून परत पाठवायला किती सह्या लागतात ते मला त्या आठवड्यात कळलं. हॉस्पिटलची, पोलिसांची, दूतावासाची, कंपनीची, विमान कंपनीची. व्हिसा रद्द करायची वेगळी, रेसिडेंट कार्ड परत केल्याची वेगळी. नोंदी ठेवायची सवय म्हणून मला बरोबर पाठवत. मी प्रत्येक कागदाची चौकट भरली आहे ना ते पाहायचो. खिडकीपलीकडचा माणूस न वाचता सही करायचा. न वाचता. मला मरियमची आठवण व्हायची, पण माझी तिथे बोलायची जागा नव्हती.

मरियम सनदला वहिनींना भेटायला आली तेव्हा थर्मासमध्ये अरबांची ती बिनदुधाची कॉफी आणि खजूर घेऊन आली. तिला मराठी येत नव्हतं, वहिनींना इंग्रजी आणि अरबी. हिंदीत ती "आंटी" एवढं म्हणाली. वहिनींनी दुधाशिवाय कधी काही प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. ती कॉफी त्या सगळी प्यायल्या. मुलगी कॅनडाहून परस्पर गावी निघाली होती. फोनवर ती आईशी मराठीत बोलत होती.

गावाकडच्या पेपरात द्यायचा निधनाचा मजकूर मी लिहावा असं वहिनी म्हणाल्या. मी नावापुढे परवान्याची ती इंग्रजी अक्षरं घातली. साहेबांच्या चुलतभावाचा फोन आला. हे काय लावलंय नावापुढं, छापणारा विचारतोय. मी सांगितलं, ड्रॉइंगवर सही करायचा परवाना आहे तो, अवघड परीक्षा असते, हल्लीच पास झाले.

"मग एवढी वर्षं काय बिनपरवान्याचं करत होते?" त्यांनी विचारलं. खवचटपणाने नव्हे, खरंच विचारलं.

अक्षरं असू द्या, एवढं म्हणालो. त्यांनी असू दिली.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी सामान बांधत होत्या. पुस्तकं कुणाला द्यायची ते मी विचारत होतो. त्या कपडे घडी करत करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, दोन्ही परीक्षांच्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला. पण मागितलं काहीच नाही. काय मागावं तेच ठरेना." मग हातातला सदरा पुन्हा उलगडून त्यांनी नव्याने घडी घातली. "आता वाटतं, पास झाले ते बरं झालं. तेवढा एक महिना त्यांनी सुखाचा काढला."

आता त्या गावाकडच्या घरात राहतात. फोनवर म्हणतात, घर उन्हाळ्यात गार असतं, भिंती जाड आहेत.

ऑफिसात मरियम सही करते. ती स्वतःचं ड्रॉइंगही आधी दुसऱ्याला तपासायला देते आणि त्याचं नाव चौकटीत आल्याशिवाय माझ्याकडे पाठवत नाही. साहेबांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. त्यांच्या सहीची जुनी ड्रॉइंगं कपाटं भरून आहेत. परवाना क्रमांक घालून सही केलेलं एकच आहे, पंपघराचं. रिफातलं ते पंपघर बांधून झालं आहे आणि पंप चालू आहेत.